संगीत थांबते तेव्हा

व्हिडिओ गेममधले वातावरण मुख्यतः धून कशी आहे यावर ठरते, असे मत अनेकदा मांडले जाते आणि ते बऱ्याच अंशी पटते; परंतु धून केव्हा थांबते याचा उल्लेख त्यात येत नाही, आणि माझ्या मते अर्धे काम तिथेच होते. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात प्रत्येक प्रदेशाचे संगीत मूळ सेटिंगनुसार सलग वाजत नाही, एक तुकडा संपला की काही काळ केवळ परिसराचे आवाज उरतात. या खेळातल्या एल्विन फॉरेस्ट या प्रसन्न जंगलातून नदी ओलांडून दक्षिणेला डस्कवुड या काळोख्या प्रदेशात शिरल्यावर ही मोकळी जागाच अधिक धास्ती निर्माण करते.

ऐरोलीतल्या आमच्या घरी, रात्री ठाणे-बेलापूर रस्त्याची वर्दळ ओसरल्यावर, हेडफोन लावून मी याच खेळातला संगीत सलग वाजवण्याचा पर्याय मुद्दाम चालू करून पाहिला. थोड्याच वेळात तीच उत्तम धून कानाआड होऊ लागली. पर्याय बंद केल्यावर मात्र आपल्याच पात्राची पावले आणि झाडीतली किरकिर स्पष्ट ऐकू आली, आणि त्यानंतर आलेला पहिला स्वर अंगावर आला. म्हणून परिसराच्या आवाजाची पातळी संगीतापेक्षा फार खाली ठेवू नये, असे मी आग्रहाने सुचवेन.