सगळाच पैसा श्रीमंतांचा नव्हता

'ज्यू समाजाची स्थलांतरितांना मदत म्हणजे चार गडगंज घराण्यांच्या देणग्या' असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. मोठे देणगीदार होतेच. १९१४ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंसाठी ५०,००० डॉलर मागणारी तार न्यूयॉर्कचे धनाढ्य बँकर जेकब शिफ यांना आली, त्यातूनच पुढे 'जॉइंट' ही ज्यूंना मदत करणारी संस्था उभी राहिली.

पण मला जास्त भावते ती न्यूयॉर्कची हिब्रू फ्री लोन सोसायटी. १८९२ साली लोअर ईस्ट साइड या तिथल्या स्थलांतरितांच्या वस्तीतल्या काही जणांनीच ती काढली, भांडवल अवघे ९५ डॉलर! बिनव्याजी कर्ज, तेही अगदी छोटं. फेरीवाल्याने त्यातून माल भरायचा, गल्लोगल्ली विकायचा आणि थोडे थोडे करून पैसे फेडायचे. फेडलेले पैसे पुढच्याच्या हातात. म्हणजे आपली भिशीच म्हणा ना, फक्त नंबर लागायची वाट बघायची नाही. संस्था आजही चालू आहे. कर्जाला जामीनदार लागतात, व्याज नाही.

यामागे धर्मविचारही आहे. ज्यू धर्मातल्या 'त्सदाका' या शब्दाचा आपण दान असा अर्थ लावतो, पण त्या शब्दाचं मूळ न्याय या अर्थाचं. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात वरची कुठली? गुप्तदान नव्हे, ती दुसरी. पहिली म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला पायावर उभं करणं.

ससून हॉस्पिटलवाल्या ज्यू ससून घराण्याबद्दल कुणीतरी वेगळा धागा काढा हो, पुणेकरांना तरी काढायलाच हवा.