मरणाचं पाप आणि क्षम्य पाप: १ योहान ५:१६-१७ चा अर्थ कसा लावायचा?

वसईचा_वाचक
योहानाच्या पहिल्या पत्रात, ५:१६-१७ मध्ये, मरणास कारण होणारं पाप आणि तसं न होणारं पाप असे दोन प्रकार आलेत. कॅथलिक धर्मशिक्षणात यालाच महापाप आणि क्षम्य पाप म्हणतात. प्रोटेस्टंट पाळक सांगतात, पाप ते पाप, त्यात लहानमोठं नाही. तीन शंका आहेत. एक पाप क्षम्य, तर दुसरं अक्षम्य समजायचं का? रविवारची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चुकवणं आणि खून एकाच खान्यात कसे बसतात? आणि कुमसारात (धर्मगुरूंपुढे पापं कबूल करताना) एखादं पाप सांगायचं राहून गेलं तर बाकीची क्षमाही रद्द होते का?

धर्मशिक्षण_वर्ग
पहिला घोटाळा शब्दाचाच आहे. लॅटिन ‘वेनिया’ म्हणजे माफी, त्यावरून ‘वेनियल’ आणि त्यावरून आपलं ‘क्षम्य’. मराठीत क्षम्यच्या समोर लगेच ‘अक्षम्य’ उभं राहतं आणि वाचणारा घाबरतो. प्रत्यक्षात महापापालाही क्षमा आहे, प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे कुमसार, मुख्यतः त्याच्यासाठीच आहे. फरक असा की क्षम्य पापाने देवाशी असलेलं नातं दुखावतं, महापापाने ते तुटतं.

महापाप ठरायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी, आणि मनापासून संमती हवी (चर्चचा अधिकृत ग्रंथ ‘कॅथलिक धर्मशिक्षण’, क्र. १८५७). यातली जाणीव किंवा संमती अपुरी असेल, तर बाब गंभीर असूनही पाप क्षम्यच राहतं. लोक नेमकं हेच विसरतात. नुसती बाब बघून निकाल देतात आणि स्वतःला किंवा शेजाऱ्याला नरकात धाडून मोकळे होतात.

चोरी घ्या. श्रीमंताच्या खिशातून दहा रुपये उचलले तर ती क्षुल्लक बाब. मजुराची दिवसाची मजुरी उचलली तर गंभीर, कारण त्या दिवशी त्याच्या घरची चूल अडते. मोजायचं ते ज्याचं गेलं त्याच्या नुकसानीवरून. आणि एकाच गल्ल्यातून ठरवून रोज थोडं थोडं काढलं, तर त्याची बेरीज धरतात. ‘प्रत्येक वेळी थोडंच होतं’ ही पळवाट तिथे चालत नाही.

मिस्सेचंही तसंच. जाणूनबुजून, कारणाशिवाय चुकवली तर बाब गंभीर (क्र. २१८१). आजारपण किंवा तान्ह्या मुलाची देखभाल असेल तर पाप नाहीच. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचं बंधन पूर्ण होतं. एका खान्यात असलं म्हणून वजन सारखं होत नाही. खून कितीतरी अधिक भयंकर आहे, हे चर्चही मानतं.

कुमसाराबद्दल: महापापं प्रकार आणि संख्या धरून सांगायची, हे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५५१ साली ठरवलं. नक्की आकडा आठवत नसेल तर ‘साधारण महिन्यातून दोनदा, वर्षभर’ एवढं पुरे. प्रामाणिकपणे आठवूनही एखादं निसटलं तर त्याचीही क्षमा झालेली असते, नंतर आठवलं की पुढच्या वेळी सांगायचं. मुद्दाम लपवलं तर मात्र तो संस्कारच निष्फळ होतो. मग लपवलेलं पाप, त्या कुमसारात सांगितलेली महापापं आणि लपवल्याचं पाप, सगळं नव्याने सांगावं लागतं. क्षम्य पापं सांगायची सक्ती नाही, पण सांगणं चांगलं.

मूळ_भाषा
वरचं वर्गीकरण ठीक आहे, पण योहान तेच सांगतोय असं धरू नका. ती तीन अटींची मांडणी या ओळीत नाही, ती नंतर बांधली गेली.

ग्रीकमध्ये शब्द आहेत ‘हामार्तिया प्रोस थानातोन’, मरणाकडे नेणारं पाप. तिथे उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखा शब्द) नाही, म्हणून ‘अमुक एक कृत्य’ असा अर्थ काढायची घाई नको. मराठीला उपपदच नाही, त्यामुळे आपल्याकडे ती मोकळीक आपोआप येते.

काही जण इथे शारीरिक मरण घेतात. खोटं बोलून जागीच मेलेले हनन्या आणि सप्पीरा (प्रेषितांची कृत्ये ५) किंवा प्रभुभोजन अयोग्य रीतीने घेतल्याने काही जण मेले असं सांगणारं १ करिंथ ११:३० ही त्यांची उदाहरणं. मला ते पटत नाही. त्याच ओळीत पाप करणाऱ्या भावाला ‘जीवन’ मिळेल असं म्हटलंय, आणि हा शब्द, ‘झोए’, योहान सार्वकालिक जीवनासाठी वापरतो. ३:१४ मध्ये तर प्रीती न करणारा मरणातच राहतो असं स्पष्ट आहे. पत्राचा रोख मंडळी सोडून गेलेल्यांवर (२:१९) आणि ख्रिस्ताला नाकारणाऱ्यांवर आहे, तेव्हा मरणाचं पाप म्हणजे ओळखून केलेला तो नकार, हा अर्थ मला सर्वांत जवळचा वाटतो. आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करू नका असं योहान म्हणत नाही. ‘करावी असं मी म्हणत नाही’ एवढंच म्हणतो.

पाळकांच्या ‘पाप ते पाप’बद्दल: वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरी या प्रोटेस्टंट धर्मशिक्षणाच्या पुस्तकात (१६४७) दोन प्रश्न लागोपाठ येतात. ८३ व्यात काही पापं इतरांपेक्षा अधिक घोर म्हटली आहेत, ८४ व्यात प्रत्येक पाप देवाच्या क्रोधाला पात्र. व्यासपीठावरून बहुतेकदा दुसराच ऐकू येतो.

वसईचा_वाचक
आभार. मग पवित्र आत्म्याची निंदा, जिला क्षमा नाही असं येशू म्हणतो, तिचं काय? मनात नको तो विचार आला तरी ‘झालं ते पाप’ म्हणून लोक हबकतात.

धर्मशिक्षण_वर्ग
मार्क ३:३० वाचा, कारण तिथेच दिलंय: येशूला अशुद्ध आत्मा लागलाय असं शास्त्री म्हणत होते. समोर देवाचं काम दिसत असताना त्याला सैतानाचं ठरवणं आणि त्यावर अडून राहणं, असा तो प्रकार. क्षमेचा हात झिडकारला म्हणून क्षमा नाही. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला तीनदा नाकारलं आणि तरी त्यालाच मेंढरं सोपवली गेली (योहान २१).

आपोआप आलेल्या, नकोशा विचाराला संमती नसते, म्हणजे तिसरी अट तिथेच कोसळते. ज्यांना ही धास्ती सतत छळते त्यांनी एकच धर्मगुरू ठरवून त्यांचं ऐकावं आणि क्षमा झालेली जुनी पापं पुन्हा पुन्हा उकरू नयेत. दर आठवड्याला नव्या धर्मगुरूंकडे जाऊन तीच यादी वाचली की धास्ती कमी न होता वाढतेच.

मूळ_भाषा
त्यात १ योहान ३:२० जोडा. आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव मनापेक्षा मोठा आहे, असं योहानच म्हणतो, ५:१६ च्या दोन अध्याय आधी.