मदत हवी आहे: वरची माती पाणी पिते, खालची अडवते

लांज्याजवळ उतारावर काजूची बाग आहे, जांभ्या दगडावरची. नांगरट, तणनाशक बंद. पालापाचोळा जाळत नाही, ओळींमध्ये ताग पेरतो. वरची माती भुसभुशीत झाली आहे, बूड कापलेला डबा ठोकून पाणी ओतलं की भसकन जिरतं. पण आषाढात झड लागली की वीतभर खालून पाणी आडवं सरकतं आणि गडग्याच्या (रचलेल्या दगडी बांधाच्या) पायथ्याशी गढूळ होऊन फुटतं. तिथे पहार ठणकते. समतल चर तुडुंब भरून गडगा फुगायला लागला, त्यामुळे आणखी चर सुचवू नका. जेसीबी वर चढत नाही.

हा थर कातळच की दबून घट्ट झालेली माती, हे कसं ओळखायचं? वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर जातात म्हणे, पण ती भुसभुशीत जमिनीत; असल्या थरात वाळा शिरेल की आधी थर फोडायला तूर लावू?