पिंजरा मोठा केला की झालं?

प्रयोगशाळेतल्या माकडांना मोठा पिंजरा दिला की प्रश्न मिटला, असं वर एकांनी लिहिलंय. मला नाही पटत. मी ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी राहते. परवा कठड्यावर एक माकडीण दुसरीच्या मानेवरचे केस बोटांनी बाजूला करत कितीतरी वेळ बसली होती, आणि दुसरी डोळे मिटून निवांत. एकट्या कोंडलेल्या माकडाला हे कुठून मिळणार? मग ती स्वतःचेच केस उपटतात, हात चावतात, गोल गोल फिरत राहतात. अमेरिकेत तर १९८५च्या कायदादुरुस्तीने त्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा विचार बंधनकारक केला. जोडीदार हवाच, बसायला उंच फळीही. आणि दाणे वाटीत देऊ नका हो, भुशात विखरून टाका. शोधून खाण्यात निदान त्यांचा दिवस तरी जाईल.