पहिलं एअर पिस्तूल: स्प्रिंगचं नको

दादा, लेकीच्या १० मीटर नेमबाजीसाठी ४० हजारांत पहिलं पिस्तूल कुठलं घ्यावं, असं तुम्ही विचारलंत आणि वर दोघांनी स्प्रिंगचं स्वस्तातलं सुचवलंय. कृपा करून ते घेऊ नका. स्प्रिंग सुटताना हाताला झटका बसतो. निशाण्याच्या कार्डावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं. नेम पोरीचा चुकला की पिस्तुलाचा, हेच कळेनासं होतं.

त्यापेक्षा सांगली-मिरजेत किंवा कोल्हापुरात जिथे शिकायला जाईल, तिथल्याच पिस्तुलावर काही महिने हात बसू द्या. मग हवेच्या सिलिंडरवर चालणारं घ्या, वापरलेलं चालेल. सिलिंडरवरची तारीख मात्र स्वतः वाचा. त्याची मुदत साधारण १० वर्षं असते, संपत आली असेल तर नव्या सिलिंडरचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

सगळ्यात महत्त्वाची मूठ. डाव्या-उजव्या हाताची वेगळी येते, मापंही वेगळी. लेकीला डोळे मिटून पिस्तूल निशाण्यावर धरायला सांगा. डोळे उघडल्यावर पुढची साईट (नेम धरायची खूण) मागच्या खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ जमली. थोडी जाड असेल तर घासता येते, सैल असेल तर लाकडाची लांबी (पुट्टी) लावून भरतात. स्पर्धेत ट्रिगर दाबायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागावा लागतो, तोही तोलून घ्या.

ड्राय फायरची, म्हणजे रिकामंच चालवायची, सोय हवीच. घरी कोऱ्या भिंतीसमोर छर्रा न घालता रोज सराव होतो, खर्च शून्य.