शब्दचर्चा : ‘हिस्टॉरिकल फॅन्टसी’ला काय म्हणायचं?

रंकाळवेस : वाचनकट्ट्यासाठी गाय गॅव्हरिएल के या कॅनेडियन कादंबरीकाराचा परिचय लिहितोय. पहिल्याच वाक्याला अडलोय. ‘ऐतिहासिक कादंबरीकार’ लिहिलं तर आमचे एक गुरुजी म्हणाले, “नावं खोटी, गावं खोटी, आभाळात दोन चंद्र, आणि ऐतिहासिक? कोल्हापुरात हा शब्द जपून वापर.” ‘अद्भुतरम्य’ म्हटलं की लोकांना उडता गालिचा दिसतो. माणूस तसला नाही. जन्म १९५४. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनच्या मागं राहिलेल्या कागदांतून ‘सिल्मरिलियन’ उभं करताना त्यांच्या मुलाच्या हाताखाली ऑक्सफर्डला काम केलं. मग टोरांटोत वकिली शिकला, रेडिओसाठी खटल्यांची नाटकं लिहिली. १९८४ची पहिली कादंबरी टोल्किनच्या वळणाची. १९९०च्या ‘टिगाना’पासून इतिहासाकडं वळला : इटली, स्पेन, बायझँटियम, तांग राजवटीचा चीन. शब्द सुचवा.

उभा मारुती : इतिहासाधारित अद्भुतकादंबरी. विषय संपला.

जुना मुद्रितशोधक : एवढा लांब शब्द ओळीत बसायचा नाही. शिवाय मराठीत हा माल आधीच आहे. गुंजीकरांची ‘मोचनगड’, १८७१. काळ शिवशाहीचा, गड कल्पनेतला. तिला आपण पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणतोच की. सांगा गुरुजींना.

कागलकर : तिथं शिवशाहीला शिवशाही तरी म्हटलंय. केच्या ‘लायन्स ऑफ अल-रसान’मध्ये स्पेनला स्पेन म्हणत नाहीत. तिथला मध्ययुगीन वीर एल सिद, त्याचा रॉड्रिगो बेल्मोंते झालाय. ख्रिश्चनांच्या जागी सूर्य पुजणारे, मुसलमानांच्या जागी तारे पुजणारे, आणि ज्यूंच्या जागी जे आहेत त्यांचे देव म्हणजे ते दोन चंद्र, एक पांढरा, एक निळा. कोण कोण ते वाचणाऱ्याला लगेच उमगतं. खऱ्या होऊन गेलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते आपण ठासून सांगू नये, अशी केची भूमिका आहे. आपल्याकडं उलटं. नाव खरं, आणि मनातलं सगळं लेखकाचं!

रंकाळवेस : पटलं. पण शब्द?

वडणगेकर : आमचं आजोबा असल्या गोष्टीला भाकडकथा म्हणायचं.

जुना मुद्रितशोधक : लेखकाचं नाव गाय आणि कथा भाकड. लावा फलक!

वडणगेकर : हसा. पर भाकड म्हंजे वांझ न्हवं. आटल्याली म्हस. आज दूध न्हाई, पुढच्या वेताला देती. भाकड म्हस घेणारा गाभण हाय का बघून पैसं मोजतोय. शब्दाचं वाटोळं शिकल्याल्यांनी केलं.

उभा मारुती : भाकड कानडीतून आला असणार.

कागलकर : तुम्हाला शब्द अडला की तो कानडी. ‘बखर’ घ्या. ‘खबर’ची अक्षरं फिरून बखर झाली म्हणतात. के तेच करतो : खबर घेतो आणि फिरवतो. नवबखर म्हणा.

जुना मुद्रितशोधक : ती व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही, काहीजण ‘बखैर’शी जोडतात. आणि बखरकार घडलेलं सांगतोय म्हणून लिहितो. हा पहिल्या पानावर दुसरा चंद्र टांगतो. जमायचं नाही.

सायबरची पोरगी : फॅन्टसीच ठेवा की. कोल्हापूरच्या केएमटी बसला कोण परिवहन उपक्रम म्हणतंय? त्यापेक्षा ‘टिगाना’तलं सांगा. जिंकणारा जादूगार एका प्रांताचं नावच पुसतो. आधी तिथं जन्मलेल्यांनाच ते ऐकू येतं, बाकीच्यांच्या कानात टिकतच नाही. एवढं लिहिलं तरी लोक पुस्तक मागतील.

वडणगेकर : ह्ये खरं. जमिनींना सरकारी गट नंबर आल्यापास्नं आमच्या रानांची नावं अशीच गेली. म्हसोबाची पट्टी म्हटलं तर पोरगं मोबाईलात बघतंय.

उभा मारुती : रानांचा धागा वेगळा काढा.

वडणगेकर : काढतो. त्यात कानडी आणू नगा.

रंकाळवेस : शनिवारी छपाई आहे हो. त्याला २००८ साली ‘इझाबेल’साठी वर्ल्ड फॅन्टसी पुरस्कार मिळाला. तिथं पुन्हा तोच शब्द!

जुना मुद्रितशोधक : पुरस्काराच्या नावाचं भाषांतर करत नाहीत.

कागलकर : करतात. ‘नोबेल पारितोषिक’ काय स्वीडनहून तसंच आलं?

जुना मुद्रितशोधक : नोबेल तसंच आलं. पारितोषिक आपण जोडलं. नीट वाचा.