कळ दाबून पाठवलेली हरकत ही हरकत नाही का?

मुळामुठा
२०२०च्या टाळेबंदीत केंद्रानं पर्यावरण प्रभाव मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. परवानगीविना काम सुरू केलेल्या प्रकल्पांना कार्योत्तर मंजुरी मिळण्याची वाट त्यात होती आणि जनसुनावणीत लोकांना म्हणणं मांडायला किमान ३० दिवस होते, ते २० केले होते. बैठका, मोर्चे शक्यच नव्हते. मग काही तरुण गटांनी संकेतस्थळावर तयार मजकूर ठेवला: नाव भरा, कळ दाबा, हरकत थेट मंत्रालयाकडे. लाखोंनी हरकती गेल्या.

त्यानंतर लेट इंडिया ब्रीद, फ्रायडेज फॉर फ्यूचर इंडिया यांची संकेतस्थळं उघडेनाशी झाली. यातल्या फ्रायडेज फॉर फ्यूचरबद्दल दिल्ली पोलिसांनी काढलेल्या नोटिशीत चक्क यूएपीएचं, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याचं, कलम होतं! तक्रार काय, तर मंत्र्यांच्या पत्त्यावर एकाच विषयाचे ढीगभर मेल येताहेत. पुढे कलम चुकून लागलं असं सांगून नोटीस मागे घेतली गेली. हरकती सरकारनंच मागवल्या होत्या. त्या पाठवणाऱ्या पोरांना दहशतवादाच्या कायद्याची भीती दाखवणं मला अक्षम्य वाटतं.

चौकटीबाहेर
नोटिशीचं समर्थन कुणीच करू नये. पण मोहिमेच्या पद्धतीबद्दल मी ठाम विरोधात आहे. हरकती-सूचना मागवतात त्या मुद्द्यांसाठी, ते मतदान नव्हे. एकच मजकूर लाखभर जणांनी पाठवला तरी मुद्दा एकच.

फ्री बेसिक्सचा, म्हणजे ठरावीक संकेतस्थळंच फुकट देणाऱ्या फेसबुकच्या योजनेचा, वाद आठवा. तेव्हा फेसबुकनं स्वतःच आपल्या वापरकर्त्यांकडून ट्राय या दूरसंचार नियामकाकडे तयार मजकूर पाठवून घेतले. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात नाहीत, असं ट्रायनं तेव्हा सुनावलं आणि ८ फेब्रुवारी २०१६ला निर्णय कंपनीच्या मनाविरुद्ध दिला. आपल्याला तेव्हा आनंद झाला ना? नुसत्या संख्येला वजन द्यायचं ठरवलं तर ज्याच्या हाती यंत्रणा मोठी, त्याचीच सरशी होणार. त्यात सरकारं आणि पक्षही आले. त्यांच्याकडे माणसांची कमी नाही.

शिवाय मला आलेल्या फॉरवर्डमध्ये सरळ लिहिलं होतं, ‘जनसुनावणी कायमची बंद’. मसुद्यात काही प्रकल्पांना सूट होती आणि मुदत घटवली होती. तेवढंही पुरेसं वाईट होतं, फुगवायची गरज नव्हती.

दापोलीकर
चौकटीबाहेर, मसुदा होता इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जूनला सांगितलं, २२ भाषांत आणा, आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. केंद्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तोवर आमच्या वाडीच्या ग्रुपवर कुणा कार्यकर्त्यानं केलेलं मराठी टिपण आलं होतं. पोस्टमनकाकांच्या मुलीनं ते मोठ्यानं वाचून त्याचा ऑडिओ टाकला, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी ऐकलं. वाडीमागं चिरेखाण आहे, तेव्हा कार्योत्तर म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागलं नाही. आधी डोंगर कापतात, कागद मागाहून येतात.

मेल मात्र तयार मजकुराचाच गेला. मंत्रालयाला इंग्रजीत मुद्देसूद लिहिणारं वाडीत कोण आहे? म्हणून आमची हरकत खोटी ठरते का?

कागदपत्र
दोघांनाही सांगतो, मेलवर विसंबू नका. जनसुनावणीला जा, लेखी हरकत दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्या. उद्या कोर्टात तोच कागद उपयोगी पडतो.

आणि मोहीम जिंकली असं समजू नका. मसुदा बारगळला खरा, पण ७ जुलै २०२१ला मंत्रालयाच्या एका कार्यालयीन ज्ञापनानं, म्हणजे प्रशासकीय सूचनापत्रानं, उल्लंघन केलेल्या प्रकल्पांसाठी कार्यपद्धती आणलीच. ज्ञापनावर हरकती मागवत नाहीत, त्यामुळे मेल पाठवायला पत्ताच नव्हता. लढली ती मुंबईची वनशक्ती ही पर्यावरण संस्था, तीही कोर्टात. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ज्ञापन रद्द केलं आणि नोव्हेंबरमध्ये २ विरुद्ध १ मतांनी तो निकाल मागे घेतला. लढाई तिथे आहे.

मुळामुठा
कागदपत्र, ज्ञापनाचा मुद्दा बिनतोड आहे. पण टाळेबंदीत शिक्का मारायला कार्यालय कुठे उघडं होतं? सरकार संकेतस्थळावरून योजनांचा प्रचार करतं, सूचना मागवतं, तेव्हा ते माध्यम चालतं. नागरिकानं तेच वापरलं की तो भडिमार ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली एखादं संकेतस्थळ बंद केलं तर २००९च्या नियमांनुसार ती कारवाई गोपनीय राहते. इतकी ताकद एका बाजूला असताना आपण मजकूर एकसारखा होता का यावर भांडतोय. माझी मागणी साधी आहे: प्रत्येक मेललाही आवक क्रमांक द्या, आणि कुठली हरकत का फेटाळली ते प्रसिद्ध करा.

चौकटीबाहेर
कारणं प्रसिद्ध करा, शंभर टक्के मान्य. क्रमांक मात्र एका मजकुराला एकच.

दापोलीकर
चालेल. पण त्या क्रमांकाखाली वाडीतल्या प्रत्येकाचं नाव लागलं पाहिजे. ग्रामपंचायतीच्या अर्जावर लागतं तसं.